गोल पाठीच्या पोनीसाठी ट्रीलेस सॅडल निवडताना

काजळ माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक जुनी चामड्याची सॅडलही आली होती. काजळ म्हणजे इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या डोंगरातली फेल पोनी. साडेतेरा हँड उंच (एक हँड म्हणजे चार इंच), काळीभोर, आणि पाठ इतकी रुंद की वर पाट मांडावा. पहिल्याच आठवड्यात एका वळणावर ती सॅडल माझ्यासकट डावीकडे घसरली. मी उतरून तंग, म्हणजे पोटाखालून सॅडल बांधणारा पट्टा, आणखी दोन भोकं कसला आणि पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी खरारा करताना तिने कान मागे टाकले. मी खांद्यामागचे केस बोटांनी उलटे करून पाहिले, तर दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढ्या जागेत, काळ्या केसांच्या आत पांढरे केस उगवलेले होते. घोड्याच्या अंगावर असे पांढरे केस येतात ते जुन्या दाबामुळे. त्या जागी कातडीला इजा होऊन रंग तयार करणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. ती इजा माझ्या आधीची होती, पण तंग कसून मी त्यात भरच घालत होते.

तिथून माझा ट्रीलेस सॅडलचा शोध सुरू झाला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या देशी पोनींसाठी अशी सॅडल पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती उशिरा कळली. सॅडलमधला सांगाडा काढून टाकला तरी त्या सांगाड्याचं काम शिल्लकच राहतं. ते काम पॅडने, तंगाने आणि तुमच्या मांडेने करावं लागतं. पुढच्या प्रत्येक पायरीत हाच हिशेब आहे.

आधी ट्री म्हणजे काय ते समजून घ्या

नेहमीच्या सॅडलच्या पोटात लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा फायबरचा एक कडक सांगाडा असतो. त्याला ट्री म्हणतात. तो दोन कामं करतो. स्वाराचं वजन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरवतो, आणि खुद्द कण्याला मोकळं ठेवतो. ट्रीचा आकार पाठीशी जुळला तर यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. जुळला नाही तर मात्र त्याची टोकं खांद्यामागे रुततात, कारण कडक वस्तू वाकत नाही.

ट्रीलेस सॅडलमध्ये हा सांगाडा नसतो. फोम, चामडं, फेल्ट आणि कापडी पट्टे यांचीच ती बनलेली असते. बऱ्याच मॉडेलमध्ये पुढच्या बाजूला एक छोटी कमान असते, ती कडक किंवा थोडी लवचीक असू शकते. मराठीतलं जुनं खोगीर मुळात भरलेल्या गादीचंच, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही.

"सांगाडा नाही म्हणजे आपोआप मऊ, आणि मऊ म्हणजे आपोआप बरं" हा समज मात्र आधीच डोक्यातून काढा. २०१२ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बसून दुडकी चालताना सॅडलखालचा दाब सेन्सरच्या चटईने मोजला. ट्रीलेस सॅडलखाली वजन कमी जागेवर पडत होतं आणि दाब मधल्या भागात, म्हणजे स्वाराच्या बैठकीखाली, एकवटत होता. तो अभ्यास एका विशिष्ट सॅडलवरचा होता, त्यावरून सगळ्यांनाच नापास करता येत नाही. पण दाब कुठे जमतो हे त्यातून कळतं, आणि निवडताना तीच जागा सगळ्यात आधी तपासायची असते.

तुमची पोनी कुठल्या घडणीची आहे?

देशी पोनी असं एका शब्दात म्हटलं तरी त्यांच्यात फार फरक आहेत. शेटलंड ४२ इंचांपर्यंतची, म्हणजे १०७ सेंटिमीटर. डार्टमूर आणि एक्समूर साधारण बारा-साडेबारा हँडच्या. वेल्श सेक्शन ए १२ हँडच्या आत. फेल १४ हँडपर्यंत. न्यू फॉरेस्ट, कॉनेमारा आणि हायलंड १४८ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतात.

उंचीपेक्षा आकार महत्त्वाचा. हायलंड, फेल, डेल्स, एक्समूर आणि शेटलंड यांच्यात बरेचदा तीन गोष्टी एकत्र दिसतात. विदर्स, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यावरचा उंचवटा, जवळजवळ नसल्यासारखाच. बरगड्या पिंपासारख्या गोल. आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे तंग बसण्याची खाच, ती बऱ्यापैकी पुढे सरकलेली. उंचवटा नाही म्हणून सॅडलला अडायला काही नाही, गोलाई आहे म्हणून ती बाजूला फिरते, आणि खाच पुढे आहे म्हणून तंग सगळी सॅडल खांद्यावर ओढून नेतो. काजळच्या बाबतीत हे तिन्ही होतं. कॉनेमारा आणि न्यू फॉरेस्टमध्ये विदर्स बऱ्यापैकी उठलेले असतात, त्यांचं गणित जरा सोपं जातं.

पायरी पहिली: ट्रीलेस घ्यावी की नाही

हा प्रश्न दुकानात जाण्याआधी सोडवायचा. पोनी आधीच पाठीवर हात लावू देत नसेल, तंग कसताना चावायला येत असेल, उतारावर पाय आखडून चालत असेल, तर पहिला फोन पशुवैद्याला करा. असं वागणं पोटातल्या अल्सरमुळे असू शकतं, पायामुळे असू शकतं, कण्याच्या दुखण्यामुळेही असू शकतं. नवी सॅडल यातलं काहीच बरं करत नाही.

मग वजन. स्वार आणि सामान मिळून पोनीच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं, असा साधारण दंडक सांगितला जातो. ट्रीलेससाठी मी स्वतः वरच्या टोकाला जात नाही. काजळ ३८० किलोची आहे. मी ५७ आणि सॅडल-पॅड मिळून ६, म्हणजे ६३ किलो, साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. माझ्या शेजारच्या तबेल्यातली एक्समूर ३२० किलोची आहे. तिच्यासाठी १५ टक्के म्हणजे ४८ किलो, २० टक्के म्हणजे ६४. त्या आकड्याच्या कडेला असलेल्या माणसाने रोज दोन तास डोंगर चढायचा असेल, तर चांगली बसणारी ट्रीची सॅडल त्या पोनीला जास्त सुखाची होईल. हे स्पष्ट सांगायला लागतं, कारण ट्रीलेस विकणारे हे क्वचितच सांगतात. पोनीचं वजनही लठ्ठपणाचं मोजू नका. पोट सुटलं म्हणून पाठीची ताकद वाढत नाही.

रिकिबीत उभं राहून खूप वेळ चालवायचं असेल किंवा उड्या मारायच्या असतील, तरीही दोनदा विचार करा. ट्रीलेसमध्ये रिकिबीचे पट्टे बरेचदा बैठकीखालून आडवे गेलेले असतात. तुम्ही रिकिबीवर उभे राहिलात की सगळं वजन त्या अरुंद पट्ट्यातून पाठीवर उतरतं.

पायरी दुसरी: उघडी पाठ हाताने वाचा

पोनीला सपाट, कडक जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी करा. आता हात हेच माप.

खांद्याच्या हाडाची मागची कड शोधा. पुढचा पाय कुणाला तरी हळूच पुढे ओढायला सांगितलं की ती कड बोटांखाली मागे सरकताना कळते. तिथे खडूने रेघ मारा, आणि तिच्यामागे तीन बोटं जागा सोडा. सॅडलचा भार त्याच्या मागे सुरू व्हायला हवा. मग शेवटची बरगडी शोधा. पोटाच्या मागच्या भागात ती सहज लागते. तिच्या वळणामागोमाग बोट वर कण्यापर्यंत न्या आणि तिथेही रेघ मारा. तिथे छातीचा १८ वा मणका येतो, आणि त्याच्या मागे स्वाराचं वजन जाता कामा नये, कारण त्या मागच्या भागाला बरगड्यांचा आधार नसतो.

या दोन रेघांमधलं अंतर मोजा. पहिल्यांदा मोजणारा इथे दचकतो. काजळचं माप जेमतेम ४३ सेंटिमीटर भरलं. पोनी दिसायला कितीही लठ्ठमुठ्ठ असली तरी भार घेणारी पाठ आखूड असते. सॅडलवर लिहिलेला १७ किंवा १७.५ इंच हा बैठकीचा आकडा असतो, खालचा तळ किती लांब आहे ते त्यावरून कळत नाही. विकणाऱ्याला तळाची लांबी विचारा आणि ती तुमच्या रेघांमध्ये बसते का ते पाहा. आखूड पाठीला मागून गोल कापलेला तळ बरा पडतो.

त्यानंतर आकार. वाकवली की तशीच राहणारी चित्रकलेची लवचीक पट्टी मिळते. ती खांद्यामागे पाठीवर आडवी दाबा, अलगद उचला, कागदावर ठेवून आतून रेघ काढा आणि तारीख लिहा. अशीच दुसरी रेघ बैठकीच्या जागेवर घ्या. गोल पोनीची रेघ उलट्या U सारखी येते, उठलेल्या विदर्सच्या पोनीची A सारखी. हे कागद जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतात.

शेवटी कणा. तळहात पाठीवर ठेवून मागे न्या. कणा दोन्ही बाजूंच्या मांसात खाली बसलेला लागतो, की मणके वर आलेले लागतात? पहिल्या प्रकारात निसर्गानेच थोडी खाच दिलेली आहे. वयस्क किंवा स्नायू उतरलेल्या पोनीत दुसरा प्रकार असतो, आणि तिथे पॅडवर जास्त खर्च करावा लागतो.

पायरी तिसरी: कुठली ट्रीलेस?

बाजारातल्या ट्रीलेस सॅडल ढोबळमानाने तीन जातींच्या. पहिली म्हणजे जाड गादी आणि तिलाच लावलेल्या रिकिबी. नवख्याने ही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रिकिबी नसलेली गादी थोडा वेळ बसायला ठीक असते, पण तिला रिकिबी जोडल्या की सगळा भार एका पट्ट्यावर लटकतो.

दुसरी, पुढे कमान असलेली. जर्मनीच्या बेअरफूटसारख्या काही कंपन्यांमध्ये ही कमान बदलता येते, अरुंद ते अतिरुंद. गोल पोनीसाठी मला हा प्रकार उपयोगाचा वाटतो, एका अटीवर: कमान खरोखर रुंद हवी. अरुंद कमान U आकाराच्या पाठीवर ठेवली की तिची दोन टोकं चिमट्यासारखी बसतात, आणि आपण ज्या दुखण्यापासून पळून आलो तेच परत येतं. तुमची कागदावरची रेघ कमानीच्या आत धरून पाहा. कमान रेघेला समांतर हवी, किंवा किंचित उघडी.

तिसरी, जिच्यात तळ वेगळा आणि बैठक वेगळी. फ्रीफॉर्म कंपनीच्या सॅडलची बैठक तळावर वेल्क्रोने बसते, त्यामुळे ती पुढे-मागे सरकवता येते. आखूड पाठीवर आपण नेमकं कुठे बसतो याला फार महत्त्व असल्याने ही सोय मोलाची. काही मॉडेलमध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे वेगळे पॅनलही असतात.

तुम्ही कुठलीही घ्या, ती उलटी करून तळाकडे पाहा. मधोमध कण्यासाठी वाट आहे का? रिकिबीचा पट्टा कुठून जातो आणि त्याच्याखाली काय आहे? विक्रेत्याने या दोन प्रश्नांची उत्तरं बोट ठेवून दाखवली पाहिजेत.

ब्रिटनमध्ये १९६६ पासून सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स ही संस्था आहे आणि तिचे प्रशिक्षित सॅडल फिटर जागोजागी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा हात ट्रीच्या सॅडलवर बसलेला असतो. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा, "ट्रीलेस नियमित बसवता का?" नाही म्हणाले तरी पोनीच्या पाठीबद्दल त्यांचं मत घेण्यासारखं असतंच.

पायरी चौथी: पॅड

सॅडलपेक्षा जास्त वेळ यावर घालवा. ट्रीलेसखाली साधा सुती नमदा चालत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे किंवा फेल्टचे तुकडे घालायचे खिसे असलेलं खास पॅड लागतं. हे तुकडे दोन कामं करतात: वजन पसरवतात, आणि मध्ये कण्याला वाट देतात. म्हणजे ट्रीचंच काम. मधली वाट तीन ते चार बोटं रुंद हवी, आणि ती पुढून मागेपर्यंत सलग हवी.

फोम हातात घेऊन अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा तळाला लागला तर तो फोम तुमच्या वजनाखाली कागदासारखा होणार. दाबल्यावर हळूहळू खाली जाऊन कुठेतरी थांबतो, आणि सोडल्यावर परत वर येतो, तो चांगला. हा अंगठ्याचा प्रयोग मी आता दर दोन महिन्यांनी करते, कारण फोम झिजतो आणि झिजलेला फोम बाहेरून तसाच दिसतो.

आता गोल पोनीचं खास दुखणं. सॅडल हलते म्हटलं की सगळे सल्ला देतात, "अजून एक पॅड घाल." मीही घातलं. आधी मेंढीचं कातडं, मग त्यावर जेलचं पॅड. ही अक्षरशः खोगीरभरती झाली. सॅडल जितकी पाठीपासून वर उचलली जाते तितकी ती गोल पाठीवर जास्त डुलते. काजळच्या पाठीचा कणा मांसात खाली बसलेला आहे, तिला मुळात जाड तुकड्यांची गरजच नव्हती. सगळं काढलं, पाऊण इंच जाडीचे घट्ट फोमचे तुकडे आणि खाली पातळ लोकरी अस्तर एवढंच ठेवलं, आणि सॅडल पहिल्यांदा जागेवर राहिली. कणा वर आलेल्या पोनीला याच्या उलट, जाड तुकडे लागतात. म्हणून दुसऱ्याच्या पोनीचं पॅड बघून आपलं ठरवू नका.

पॅड घातल्यावर ते सॅडलच्या कमानीत वर ओढून घ्या. सपाट पडलेलं पॅड तंग कसला की विदर्सवर ताणलं जातं आणि तिथेच घासतं.

पायरी पाचवी: तंग, रिकिबी, दुमची

तंग दोन्ही बाजूंना सारखाच ताणला जाणारा हवा. एका बाजूला इलॅस्टिक आणि दुसऱ्या बाजूला नाही असा तंग ट्रीलेसला हमखास एका अंगाला ओढतो. खाच पुढे असलेल्या पोनीला मधोमध पुढे वळलेला, कोपरांसाठी कापलेला तंग घ्या. तो खाचेत बसतो आणि त्याचे पट्टे मागून सरळ वर जातात. बक्कल कोपराला लागत नाही ना, तेही पाहा.

कसायचं किती? तंगाखाली दोन बोटं सपाट जावीत, आणि तीसुद्धा पोटाच्या खालून, मधोमध तपासावीत, बाजूला नाही. घसरण थांबवण्यासाठी तंग कसणं ही मी केलेली चूक आहे. घसरण थांबवायची असेल तर कमानीची रुंदी, पॅडची जाडी आणि तुमची स्वतःची बैठक, याच क्रमाने शोध घ्या.

रिकिबी सुरक्षित प्रकारच्या घ्या, पडल्यावर पाय सोडणाऱ्या. नेहमीच्या सॅडलमध्ये रिकिबीचा पट्टा ओढ बसल्यावर निसटण्याची सोय असते. अनेक ट्रीलेसमध्ये तो कड्यात अडकवलेला असतो आणि सुटत नाही. मुलांच्या बाबतीत यात अजिबात तडजोड करू नका. स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर त्या स्पर्धेचे नियम आधी वाचा, सॅडलबद्दल ते सगळीकडे एकसारखे नसतात.

दुमची, म्हणजे शेपटीखालून जाऊन सॅडलला पुढे सरकू न देणारा पट्टा, शेटलंडवर लहान मूल बसवताना आणि डोंगरात राहणाऱ्या कुठल्याही गोल पोनीला फार कामाची. पण तिची ओळख सावकाश करून द्या. आधी चार-पाच दिवस नुसती घालून हाताने फिरवा. काही पोनी पहिल्यांदा शेपटी आवळून मागचे पाय झाडतात, तेव्हा वर कुणी बसलेलं नको. पट्टा आणि पोनीचा पुठ्ठा यांच्यामध्ये उभा तळहात जाईल एवढी सैल ठेवा, आणि शेपटीखालचा भाग रोज पुसून मऊ ठेवा. सॅडल सतत दुमचीवर लटकत असेल तर मूळ बसणीत दोष आहे.

पायरी सहावी: तुमचे खुबे

याबद्दल फार कमी बोललं जातं. रुंद पोनीवर मऊ सॅडल म्हणजे मांड्या आणखी फाकणार. ट्रीच्या सॅडलमध्ये मांड्यांमधला भाग निमुळता केलेला असतो, ट्रीलेसमध्ये तो करणं अवघड. पहिल्या महिन्यात मी उतरल्यावर दोन मिनिटं तबेल्याच्या दाराला धरून उभी राहायची, खुब्यातून कळ यायची. बैठकीच्या आत घालायचा उंचवट्याचा तुकडा मिळतो, त्याने बसणं निमुळतं होतं. पण त्याचा दाब खाली कण्यावर उतरत नाही याची खात्री करा. स्वार आखडलेला असेल तर पोनीही आखडते, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या आरामापुरता नाही.

ट्रीलेस तुमचा वाकडेपणाही झाकत नाही. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. माझा उजवा खांदा खाली असतो हे मला चाळिशीत, काजळच्या पाठीवरून कळलं.

पायरी सातवी: आजमावणं

चाचणीसाठी सॅडल घरी देणारा विक्रेताच निवडा. परत करायची वेळ आली तर डाग नकोत म्हणून रिकिबीच्या पट्ट्यांवर जुने लांब मोजे चढवा.

पहिल्या दिवशी बसू नका. सॅडल घालून हाताने फिरवा, वळवा, उतारावरून आणा. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावरून चढा. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून ट्रीलेसवर कधीच चढू नये, सगळी सॅडल तुमच्याकडे ओढली जाते आणि विदर्स पिरगळले जातात. चढल्यावर मदतनीसाला पुढून पॅडखाली, कण्याच्या वाटेत हात घालायला सांगा. तुम्ही बसलेल्या असताना वाट मोकळी आहे का? मग मागूनही तसंच. बसण्याआधी असलेली वाट बसल्यावर नाहीशी झाली तर ती सॅडल किंवा ते पॅड तुमच्या वजनासाठी नाही.

वीस मिनिटं फक्त चालवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुडकी, डावीकडे आणि उजवीकडे वर्तुळं, थोडा चढ-उतार. आठवड्याअखेरीस चाळीस-पन्नास मिनिटं, पाठीला घाम फुटेपर्यंत.

सॅडल काढल्याबरोबर घामाचा नकाशा पाहा आणि फोटो काढा. मधली कण्याची वाट कोरडी आणि दोन्ही बाजूंना सारखा ओलावा, हे हवं. ओल्या भागात मधेच वाटीएवढा कोरडा डाग दिसला तर दोन शक्यता: तिथे सॅडल टेकतच नाही, किंवा इतकी दाबते की घाम येत नाही. कुठली ते हाताने ठरवा. पोनी अजून गरम असताना डागावरून बोटं फिरवा. कातडी आखडली, पोनीने पाठ खाली सोडली किंवा डोकं वर घेतलं, तर तो दाब आहे. बैठकीखाली, मधल्या भागात, हे जास्त काळजीपूर्वक करा. केस कुठे विस्कटलेत तेही पाहा, तिथे सॅडल हलते आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, खरारा करण्याआधी, पाठ पुन्हा चाचपा. सूज किंवा छोट्या गाठी बरेचदा काही तासांनी वर येतात.

काजळने उत्तर दिलं ते सहाव्या दिवशी. उतारावर तिने मान लांब करून खाली सोडली आणि मोठी फुरफुर केली. आधीच्या सॅडलवर ती उतारावर पावलं मोजत यायची.

पायरी आठवी: ऋतू बदलतो तशी पाठ बदलते

या पोनी उजाड माळावर जगायला घडलेल्या. उन्हाळ्यात मिळेल ते खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि हिवाळ्यात ती खर्च करायची. हिरव्यागार कुरणात ठेवलं की त्या भराभर सुटतात, आणि लॅमिनायटिस हा खुरांचा अतिशय वेदनादायक आजार जवळ येतो. मार्च ते ऑक्टोबर पाठीचा आकार किती बदलतो हे तुमच्या लवचीक पट्टीच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या की दिसतं. दर सहा-आठ आठवड्यांनी नवी रेघ काढा.

ट्रीलेसचा खरा फायदा इथे आहे. कमान बदलता येते, पॅडमधले तुकडे पातळ-जाड करता येतात, आणि एकच सॅडल वर्षभर चालू शकते. पण रेघ दर वेळी रुंदच होत चालली असेल तर सॅडल रुंद करत बसू नका, चारा आणि कुरण आवरा. मानेच्या वरच्या कडेला घट्ट चरबीचा कणा हाताला लागला तर पशुवैद्याशी बोला.

जुनी घेत असाल तर

नवीन चांगली ट्रीलेस काहीशे पौंडांपासून हजारावर जाते, त्यामुळे जुनी घेणं शहाणपणाचं. तंगाचे पट्टे जिथे शिवलेले आहेत तिथे दोन्ही हातांनी जोरात ओढा, शिवण उघडताना दिसली तर ती सॅडल तिथेच ठेवा. वेल्क्रो उघडून बंद करा, सहज सुटत असेल तर बैठक चालताना सरकेल. बैठकीचा फोम डाव्या-उजव्या बाजूला एकसारखा आहे का ते वरून तळहाताने दाबून पाहा, कारण आधीचा स्वार वाकडा बसत असेल तर फोमही तसाच दबलेला असतो. कमान अगदी सपाट टेबलावर उभी करा आणि हलते का ते बघा. पॅड मात्र जुनं घेऊ नका, आणि सॅडलसाठी ठरवलेल्या पैशांतून पॅडचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.